प्रथम वर्षाचा चर्चावर्ग आणि त्याचा अध्यापक

विद्यापीठीय अध्यापनाच्या ज्या पद्धती आज रूढ आहेत, त्यांत 'सेमिनार' या पद्धतीला मोठा मान आहे. परंतु ती चालवावयास काय लागते याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. या शब्दासाठी मराठीत 'परिसंवाद' व 'चर्चासत्र' असे शब्द वापरले जातात. पण आता त्यांनी एक-दोन दिवसांच्या विद्वत्संमेलनाचा बोध होतो. पंधरा-वीस विद्यार्थ्यांनी एका अध्यापकासमवेत संपूर्ण सत्रभर वाचन, लेखन व चर्चा करावयाची, या मूळ अर्थी प्रस्तुत लेखात 'चर्चावर्ग' हा शब्द योजला आहे. असा वर्ग नुकत्याच विद्यापीठात आलेल्या, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी चालवावयाचा असेल, तर त्याच्या अध्यापकाची तयारी कशी करावी आणि वर्ग सुरू झाल्यावर त्याला कोणते साहाय्य द्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

१. संज्ञा आणि तिचा प्रवास

'सेमिनार' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ रोपवाटिका असा होतो. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात योहान माथियास गेस्नर यांनी १७३८च्या सुमारास, आणि हाले विद्यापीठात फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ यांनी १७८७ मध्ये अभिजात भाषांच्या अभ्यासासाठी असे वर्ग चालविले. या वर्गांचा शासनमान्य हेतू शाळांसाठी उत्तम शिक्षक तयार करणे हा होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. म्हणजे ही रोपवाटिका प्रारंभी शिक्षकांचीच होती. पुढे तिला संशोधनाचे वळण लागले. बर्लिनमध्ये लेओपोल्ड फोन रांके यांच्या इतिहासवर्गात मूळ साधने समोर ठेवून चिकित्सा करण्याची परंपरा सिद्ध झाली. चार्ल्स केंडल अॅडम्स यांनी १८६९ मध्ये ती अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात नेली, आणि १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तिला उच्च शिक्षणाचा कणाच मानले.

या साऱ्या इतिहासात चर्चावर्ग हा शिडीच्या वरच्या पायरीवर होता. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्याला विषयाची भाषा अवगत असे, ग्रंथालय परिचयाचे असे, आणि बोलण्यासारखे काही तरी त्याच्यापाशी असे. अध्यापकाने केवळ विद्वान असावे, एवढे पुरत असे.

विसाव्या शतकात मात्र चर्चावर्ग शिडीच्या पहिल्या पायरीवर उतरला. हार्वर्ड विद्यापीठाने १९५९ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लहान चर्चावर्ग सुरू केले. नामांकित प्राध्यापकाचा सहवास विद्यार्थ्याला चौथ्या वर्षाऐवजी पहिल्याच वर्षी मिळावा, ही त्यामागील कल्पना होती. कॉर्नेल विद्यापीठात १९६६ पासून प्रथम वर्षाच्या चर्चावर्गांची योजना आली. तिचे रूपांतर पुढे लेखनकेंद्रित वर्गांत झाले. या दोन्ही योजना ज्ञानविषयाभोवती गुंफलेल्या होत्या. दुसरा एक प्रकार आहे तो विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या जीवनात रुजविण्याचा. त्याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण दक्षिण कॅरोलिना विद्यापीठाचे असून, अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न तेथेच प्रथम मुळापासून हाताळला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

२. दक्षिण कॅरोलिनाचा प्रयोग

मे १९७० मध्ये कंबोडियातील युद्धविस्ताराच्या आणि केंट येथील विद्यार्थ्यांवरील गोळीबाराच्या निषेधार्थ अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत उद्रेक झाले. कोलंबिया नगरातील दक्षिण कॅरोलिना विद्यापीठही त्यास अपवाद नव्हते. विद्यार्थ्यांनी प्रशासनाची इमारत व्यापली आणि विद्यापीठाचे अध्यक्ष थॉमस जोन्स यांना आत अडकून पडावे लागले. जोन्स हे विद्युत् अभियंता होते. या प्रसंगातून त्यांनी काढलेला निष्कर्ष शिस्तीचे नियम कडक करण्याचा नव्हता. विद्यार्थी विद्यापीठावर चालून येतो, याचा अर्थ तो विद्यापीठाला आपले मानीत नाही. तो ते आपले मानीत नाही, कारण तेथे त्याला कोणी ओळखत नाही; आणि ओळखत नाही, कारण शिकविण्याची रीतच तशी आहे, अशी ही विचारसरणी होती.

तीतून १९७२ मध्ये 'युनिव्हर्सिटी १०१' हा अभ्यासक्रम जन्मास आला. त्याचे हेतू दोन होते. विद्यार्थ्याचे विद्यापीठाशी नाते जुळावे हा पहिला. पदवीपूर्व वर्गांना शिकविण्याची अध्यापकांची रीत बदलावी हा दुसरा, आणि तोही तितकाच महत्त्वाचा. म्हणून प्रारंभापासून असा दंडक ठेवण्यात आला की, ज्याला हा वर्ग घ्यावयाचा आहे त्याने आधी प्रशिक्षणवर्गात भाग घेतलाच पाहिजे. मग तो ज्येष्ठ प्राध्यापक असो, ग्रंथपाल असो वा प्रशासनातील अधिकारी असो. इतिहासाचे तरुण अध्यापक जॉन गार्डनर १९७४ मध्ये या योजनेचे संचालक झाले आणि १९९९ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. १९८२ पासून या विषयावरील परिषदा भरू लागल्या, आणि पुढे प्रथम वर्षाच्या अनुभवाचा अभ्यास करणारे राष्ट्रीय केंद्रही त्याच विद्यापीठात उभे राहिले.

अध्यापकांचे प्रशिक्षण हा या योजनेचा उत्तरार्ध नव्हता. तो तिच्या पायात होता. इतरत्र बहुधा याच्या उलट होते. अभ्यासक्रम आधी मंजूर होतो, वेळापत्रक लागते, आणि सर्वांत शेवटी 'हा वर्ग कोण घेणार?' असा प्रश्न पडतो. मग ज्याचा कार्यभार कमी भरतो, त्याच्या गळ्यात तो पडतो.

३. अध्यापकापुढील अडचण

विषयाचे ज्ञान असलेला, व्याख्यान उत्तम देणारा अध्यापक चर्चावर्गात का अडखळतो, हे समजून घेतल्याखेरीज प्रशिक्षणाचा आराखडा करता येणार नाही.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. अध्यापक एक उतारा वाचावयास देतो आणि विचारतो, 'लेखकाचे म्हणणे तुम्हांला पटते काय?' वर्ग स्तब्ध राहतो. ती स्तब्धता अध्यापकाला असह्य होते. तो प्रश्न पुन्हा विचारतो, थोडा सोपा करतो, शेवटी स्वतःच उत्तर देतो. दहा मिनिटांत चर्चावर्गाचे व्याख्यान झालेले असते. पुढील आठवड्यात विद्यार्थी वाचून येत नाहीत, कारण थोडा वेळ गप्प बसले की उत्तर आपोआप मिळते, हे त्यांच्या अनुभवास आलेले असते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत अध्यापकाची खात्री पटते की, 'या मुलांना बोलताच येत नाही.' वस्तुतः विद्यार्थ्यांनी न बोलण्याचा धडा याच वर्गात गिरविलेला असतो.

या बाबतीत मेरी बड रो यांचे संशोधन उद्बोधक आहे. त्यांनी अमेरिकन प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ही प्रतीक्षा तीन सेकंदांवर नेली तरी उत्तरे लांब होतात, अधिक मुले बोलू लागतात, आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. हे संशोधन विद्यापीठातील नसले तरी त्यातील मर्म येथेही लागू पडते. तीन सेकंद थांबणे ही ऐकावयास क्षुल्लक गोष्ट आहे. परंतु वर्षानुवर्षे अस्खलित बोलण्याबद्दल ज्याची वाहवा झाली, त्याला ती अत्यंत कठीण जाते.

दुसरी अडचण याच्या विरुद्ध टोकाची आहे. काही अध्यापक सर्वांना बोलते करतात, पण त्या बोलण्याला दिशा राहत नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने सांगावे, सर्वांचे म्हणणे सारखेच मोलाचे, अशा भूमिकेतून तास आनंदात जातो आणि हाती काहीच लागत नाही. 'हे तुम्ही उताऱ्यातील कोणत्या वाक्यावरून म्हणता?' हा एकच प्रश्न अशा वेळी चर्चेला जमिनीवर आणतो. तो योग्य क्षणी आणि विद्यार्थ्याचा अवमान न करता विचारणे, ही कला आहे. आणि कला सरावाने येते.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. लहान वर्गात अध्यापकाला विद्यार्थी नावाने माहीत होतात. कोण तीन आठवडे आला नाही, कोणाच्या लेखनात निराशा डोकावते, कोणाची फी थकली आहे, हे त्याला दिसू लागते. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, विद्यार्थी शिक्षण सोडून जातो त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे विद्यापीठाच्या बौद्धिक व सामाजिक जीवनात तो सामावला जात नाही. त्याला सामावून घेण्याची किंवा निदान तो दुरावत आहे हे हेरण्याची पहिली संधी या अध्यापकाला मिळते. परंतु तो मानसोपचारज्ञ नव्हे. कोठपर्यंत ऐकावे, कोठे थांबावे आणि कोणाकडे पाठवावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसेल, तर तो एक तर डोळेझाक करतो किंवा न पेलणारा भार शिरावर घेतो.

४. प्रशिक्षण कसे असावे

व्याख्यान देऊ नका, असे व्याख्यान देऊन सांगता येत नाही. तरीही अध्यापकांची उद्बोधनशिबिरे बहुधा याच रीतीने चालतात. एकामागून एक वक्ते येतात, श्रोते टिपणे घेतात आणि प्रमाणपत्र घेऊन परततात. दक्षिण कॅरोलिनाच्या प्रशिक्षणवर्गाचे वैशिष्ट्य असे की, तेथे अध्यापकांना काही काळ प्रथम वर्षाचे विद्यार्थीच व्हावे लागे. अपरिचितांच्या गटात बसणे, प्रथम कोण बोलणार याची वाट पाहणे, आपले म्हणणे हास्यास्पद तर ठरणार नाही ना अशी धास्ती वाटणे, या सर्वांतून ते स्वतः जात. मग त्या अनुभवाची चर्चा होई. ज्याने ती धास्ती नुकतीच पुन्हा अनुभवली आहे, त्याला वर्गातील स्तब्धतेचा अर्थ वेगळा कळतो.

याला जोड द्यावयाची ती सरावाची. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३च्या सुमारास 'सूक्ष्म अध्यापन' ही रीत निघाली. पाच-सात मिनिटांचा पाठ, मोजके श्रोते, एकाच कौशल्यावर लक्ष, लगेच परीक्षण आणि तोच पाठ पुन्हा, असा तिचा क्रम असतो. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात १९७०च्या दशकात तिच्यावर बरेच काम झाले, आणि आपल्याकडील अध्यापक महाविद्यालयांत ती सुपरिचित आहे. विद्यापीठीय अध्यापकांनी मात्र ती शालेय शिक्षकांची गोष्ट म्हणून बाजूस ठेवली. वास्तविक चर्चा सुरू करणे, एकाच विद्यार्थ्याने व्यापलेली चर्चा इतरांकडे वळविणे, चुकीचे उत्तर उपयोगात आणणे, शेवटी धागे जुळविणे, अशी एकेक कृती सुटी करून तिचा सराव करण्यास या रीतीइतकी सोयीची दुसरी नाही.

तिसरा घटक लेखनाच्या परीक्षणाचा. कॉर्नेल येथे प्रथम वर्षाचे लेखनवर्ग घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लेखन-अध्यापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. लेखनाचे काम कसे नेमून द्यावे, एक काम दुसऱ्याची पूर्वतयारी कसे ठरावे, विद्यार्थ्याच्या मसुद्यावर काय लिहावे आणि काय लिहू नये, हे त्याचे विषय होत. या संदर्भात एक साधी कृती कोणत्याही विभागात करून पाहण्यासारखी आहे. एकाच विद्यार्थ्याचा निबंध सहा अध्यापकांनी स्वतंत्रपणे तपासावा आणि नंतर शेरे व गुण समोरासमोर ठेवावेत. जी तफावत दिसेल ती कोणाच्याही दीर्घ प्रवचनापेक्षा अधिक शिकवील. कोणी केवळ शुद्धलेखनाच्या चुका खुणावलेल्या असतील, कोणी युक्तिवादावर प्रश्न विचारलेले असतील, कोणी नुसते 'ठीक' असे लिहिले असेल.

५. सत्र सुरू झाल्यानंतर

प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी ते वर्ग भरण्यापूर्वीचे असते, आणि अडचणी वर्ग भरल्यानंतरच्या असतात. जूनमध्ये दिलेला सल्ला सप्टेंबरात आठवत नाही. आठवला तरी समोरच्या प्रसंगाला तो नेमका बसत नाही. म्हणून साहाय्याची व्यवस्था सत्रभर चालू राहणारी असावी लागते.

तिचे पहिले अंग म्हणजे अध्यापकांची नियमित बैठक. पंधरवड्यातून एक तास, पाच-सहा अध्यापक, आणि 'या पंधरवड्यात माझ्या वर्गात काय फसले' एवढा एकच विषय पुरे. येथे विभागप्रमुखांनी मूल्यमापक म्हणून बसू नये. ज्याच्या हाती आपली नेमणूक आहे त्याच्यासमोर आपले अपयश कोणीही मोकळेपणाने सांगत नाही. साहाय्य आणि तपासणी या दोन गोष्टी एकाच व्यक्तीकडे दिल्या की साहाय्य नाहीसे होते व तपासणी तेवढी उरते.

दुसरे अंग म्हणजे सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांचे मत घेणे. वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी यासाठी एक रीत बसविली. एक सहकारी वर्गात येतो आणि अध्यापक बाहेर जातो. विद्यार्थी लहान गटांत तीन प्रश्नांची उत्तरे ठरवितात: या वर्गात तुम्हांला शिकावयास कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो, आणि कोणती सुधारणा सुचवाल? मग संपूर्ण वर्गाचे एकमत कोठे आहे ते पाहिले जाते. सहकारी ते अध्यापकाला खाजगीत सांगतो. वरिष्ठांकडे काहीही जात नाही. सत्रांती भरलेल्या प्रश्नावलीचा लाभ झालाच तर पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना होतो. या रीतीचा लाभ याच विद्यार्थ्यांना होतो.

तिसरे अंग वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे साहचर्य. दक्षिण कॅरोलिनात १९९३ पासून पुढील वर्षांतील निवडक विद्यार्थी चर्चावर्गात अध्यापकाचे साथीदार म्हणून बसू लागले. प्रथम वर्षाचा विद्यार्थी जे अध्यापकाला विचारावयास संकोचतो ते त्यांना विचारतो. मात्र त्यांचीही तयारी करून घ्यावी लागते. नाही तर ते हजेरी घेणारे मदतनीस होऊन बसतात.

चौथे अंग म्हणजे विद्यार्थ्याला पुढे कोणाकडे पाठवावे याची निश्चित माहिती. समुपदेशक, आरोग्यकेंद्र, शिष्यवृत्तीचा कक्ष, ग्रंथालयातील जबाबदार व्यक्ती यांची नावे व वेळा एका कागदावर अध्यापकाच्या हाती असाव्यात, आणि त्या व्यक्तींची सत्रारंभी एकदा प्रत्यक्ष भेट झालेली असावी. अडचणीतील विद्यार्थ्याला 'तिकडे जा' म्हणणे आणि 'चल, मी ओळख करून देतो' म्हणणे यांत फार अंतर आहे.

६. परिणामांविषयी

या साऱ्याचा उपयोग होतो काय? पॉल फिडलर यांनी दक्षिण कॅरोलिनातील अनेक वर्षांची आकडेवारी अभ्यासून १९९१ मध्ये दाखविले की, हा अभ्यासक्रम घेतलेले विद्यार्थी दुसऱ्या वर्षासाठी परत येण्याचे प्रमाण इतरांहून सामान्यतः अधिक होते. अर्थात, जेथे अभ्यासक्रम ऐच्छिक असतो तेथे तो निवडणारे विद्यार्थी मुळातच अधिक तत्पर असण्याचा संभव असतो. म्हणून असे निष्कर्ष जपून वापरले पाहिजेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने १९९९ मधील फिडलर व त्यांच्या सहकाऱ्यांचा दुसरा अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. चर्चावर्ग घेतलेल्या अध्यापकांनी तेथे शिकलेल्या रीती आपल्या नेहमीच्या वर्गांतही नेल्या, असे त्यात आढळले. जोन्स यांचा दुसरा हेतू हाच होता. रोपवाटिकेत विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकही वाढला.

७. आपली परिस्थिती

हा विचार आपल्याला नवा नाही. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) केवळ व्याख्यानांवर विसंबू नये, त्यांना लहान गटांतील मार्गदर्शन, ग्रंथालयातील काम व लेखी अभ्यास यांची जोड द्यावी, असे सुचविले होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) नव्या अधिव्याख्यात्यांच्या उद्बोधनाची निकड सांगितली. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे उभारली. २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. नवागत विद्यार्थ्यांसाठी आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली. नवागतांच्या लहान गटाला एका अध्यापकाचा सहवास मिळावा, ही कल्पना तीतही आहे. सारांश, विद्यार्थ्यांसाठी एक योजना आहे आणि अध्यापकांसाठी दुसरी आहे. प्रथम वर्षाचा लहान वर्ग चालविण्याचे शिक्षण अध्यापकाला देणारा, या दोहोंमधील दुवा तेवढा कच्चा आहे.

त्यातही महाराष्ट्रात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. पहिली भाषेची. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत चाललेल्या वर्गात गप्प बसतो, तेव्हा त्याच्यापाशी विचार नाही असे समजणे अन्यायाचे होईल. आधी शेजाऱ्याशी मराठीत बोलू देणे, दोन ओळी मराठीत लिहू देणे आणि मग वर्गासमोर मांडण्यास सांगणे, एवढ्याने पुष्कळदा तोंड उघडते. प्रशिक्षणात या युक्तीला स्थान हवे. ती कमीपणाची नव्हे.

दुसरी गोष्ट अध्यापकाच्या स्थितीची. आज प्रथम वर्षाचे पुष्कळसे अध्यापन तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे असते, आणि त्यांना मानधन मिळते ते प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांचे. बैठक, निबंधांचे परीक्षण, विद्यार्थ्याशी वर्गाबाहेर केलेले बोलणे यांपैकी काहीही त्या हिशेबात बसत नाही. चर्चावर्गाचा प्राण नेमका याच कामांत आहे. ज्याला पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून विद्यार्थ्याला विद्यापीठ आपले वाटावे अशी अपेक्षा करणे आणि त्याच्यासाठी मात्र विद्यापीठाने काहीच न करणे, यातील विसंगती कोणत्याही प्रशिक्षणाने झाकली जाणार नाही. प्रशिक्षणाचे आणि बैठकांचे तास कार्यभारात धरले जावेत व त्यांचे मानधन मिळावे, ही म्हणून या योजनेतील पहिली अट मानली पाहिजे.

मोठ्या वर्गांच्या महाविद्यालयात पंधरा-वीसांचा चर्चावर्ग सर्वांसाठी लगेच सुरू होणे कठीण आहे, हे खरे. तथापि एखाद्या विभागाला एका तुकडीपासून आरंभ करता येईल. चार अध्यापक, सत्रापूर्वी तीन दिवसांचा सराव, पंधरवड्याची बैठक आणि मध्यावर एकदा विद्यार्थ्यांचे मत, इतक्या सामग्रीवर एक वर्ष काढून पाहावे. काय साधले आणि काय फसले याची नोंद ठेवावी, आणि फसलेल्याची नोंद अधिक काळजीने ठेवावी. या पत्रिकेच्या वाचकांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या हाती लवकरच असे वर्ग येतील. त्यांच्यासाठी ती नोंद सर्वांत उपयुक्त पाठ्यपुस्तक ठरेल.